रुग्ण दाखल करण्याचे कारण

टाळता येण्याजोगी भरती दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात रुग्ण दारात येतो तेव्हाही त्याला खाटेची गरज नसते. औषधे, पुरेसे पाणी आणि दुसऱ्या दिवशीची तपासणी एवढ्यावर भागण्यासारखे असते. दुसऱ्या प्रकारात आलेल्या रुग्णाला दाखल करण्यावाचून गत्यंतर नसते, पण ती वेळ काही आठवडे आधी ओपीडीतच टाळता आली असती. जॉन बिलिंग्ज आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली न्यूयॉर्क शहरातील भरतीच्या नोंदी वस्तीनिहाय तपासल्या, तेव्हा दमा, मधुमेह, हार्ट फेल्युअर अशा आजारांच्या भरती गरीब वस्त्यांत कितीतरी अधिक आढळल्या. अशा भरतीचे प्रमाण हे आता त्या भागातील प्राथमिक सेवेचे मोजमाप मानले जाते.

पहिल्या प्रकाराचे ठळक उदाहरण जुलाब-उलट्यांचे. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखर-सोड्याचे द्रावण पिंपांत भरून ठेवले आणि ते नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आले. पन्नास वर्षांनंतरही महाराष्ट्रातील अनेक दवाखान्यांत मध्यम शुष्कता असलेल्या मुलाला आधी सलाईन लागते आणि ओआरएसची पुडी डिस्चार्जच्या वेळी हातात पडते. खरे तर १० किलो वजनाच्या अशा मुलाला चार तासांत ७५० मिली ओआरएस, चमच्याचमच्याने, आईनेच दवाखान्यात बसून पाजायचे असते. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा, जरा हळू. चार तासांनी मूल लघवीला गेले, डोळे टवटवीत दिसू लागले की झिंकच्या गोळ्या देऊन घरी पाठवता येते. सुस्त पडलेले, पिऊ न शकणारे किंवा प्यायलेले सगळे ओकून टाकणारे मूल मात्र दाखलच करायला हवे.

अशक्तपणासाठी लावल्या जाणाऱ्या सलाईनचा हिशेब रुग्णासमोर मांडलेला बरा. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे जेमतेम शंभर कॅलरी. तोंडाने खाऊ-पिऊ शकणाऱ्या माणसाला एवढ्यासाठी शिरेत सुई टोचून दिवसभर खाटेवर ठेवण्यात वैद्यकीय लाभ काहीच नाही; सुजलेली शीर आणि बिल तेवढे पदरी पडते.

डेंग्यूच्या हंगामात हा प्रश्न सर्वांत तीव्र होतो. नातेवाईक प्लेटलेटचा आकडा घेऊनच येतात, आणि आकडा लाखाच्या खाली गेला की खाट मागतात. डॉक्टरही त्या आकड्यावर निर्णय सोपवू लागतात, हे या काळातले मोठे दुखणे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ सालच्या वर्गीकरणात भरतीचा आधार धोक्याची लक्षणे हा आहे: पोटात सतत दुखणे, न थांबणाऱ्या उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, पोटात किंवा छातीत पाणी, सुस्ती किंवा तगमग, वाढलेले यकृत आणि प्लेटलेट झपाट्याने उतरत असताना चढणारे हिमॅटोक्रिट. गरोदर स्त्री, तान्हे बाळ, वृद्ध, मधुमेही, मूत्रपिंडाचा रुग्ण, तसेच रुग्णालयापासून दूर एकटा राहणारा माणूस यांच्या बाबतीत उंबरठा खाली आणावा लागतो. बाकीच्यांना पॅरासिटामॉल, भरपूर पातळ पदार्थ आणि रोजची तपासणी पुरते. धोक्याचा काळ ताप चढलेला असतानाचा नसून तो उतरू लागतो तेव्हाचा असतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाचा. ही गोष्ट घरच्यांना स्पष्ट सांगितली नाही, तर ताप गेला म्हणून दुसऱ्या दिवशीची तपासणी चुकते आणि तोच रुग्ण शॉकमध्ये येतो. उलट बाजूला, प्लाझ्मा झिरपण्याचा टप्पा ओसरून भूक परतलेला रुग्ण केवळ आकडा चढण्याची वाट पाहत दोन-तीन दिवस खाट अडवून बसतो. ज्याला रक्तस्राव नाही, त्याला लाखाचा पल्ला गाठेपर्यंत ठेवून घेण्याला कोणत्याही मार्गदर्शक सूचनेत आधार नाही.

न्यूमोनियासाठी सीआरबी-६५ हे मापन दवाखान्यात रक्त न तपासता करता येते: गोंधळलेली शुद्ध, मिनिटाला ३० किंवा अधिक श्वास, घसरलेला रक्तदाब आणि ६५ किंवा त्याहून अधिक वय. चारही नसतील तर बहुतेक रुग्ण घरी बरे होतात. बोटावरच्या ऑक्सिमीटरचे वाचन आणि घरी कोण आहे, हे दोन प्रश्न त्याला जोडले की निर्णय बराच पक्का होतो.

अनेक रुग्णांच्या बाबतीत घर की वॉर्ड हे पहिल्या दहा मिनिटांत ठरतच नाही. दम्याचा झटका आलेला तरुण नेब्युलायझेशननंतर तासाभरात कसा आहे यावरच पुढचे ठरते. त्यासाठी निरीक्षणाची जागा लागते: दोन-तीन खुर्च्या किंवा खाटा, ऑक्सिजन, तासागणिक नाडी-श्वास-रक्तदाब लिहिणारी सिस्टर आणि सहा तासांच्या आत निर्णय देणारा डॉक्टर. दहा-पंधरा खाटांच्या नर्सिंग होमलाही हे झेपण्यासारखे आहे. ही सोय नसल्याने संशयाचा प्रत्येक रुग्ण वॉर्डात जातो आणि एकदा केसपेपर आंतररुग्णाचा झाला की किमान दोन दिवस बाहेर पडत नाही.

दुसऱ्या प्रकारच्या भरतीवर ओपीडीतच काम व्हायला हवे. हार्ट फेल्युअरचा रुग्ण मध्यरात्री धापा टाकत येतो, पण तीन दिवसांत दोन किलो वजन वाढले होते हे घरातल्या वजनकाट्याने आधीच सांगितले असते. गोळ्या संपल्या आणि पुढच्या पगारापर्यंत आणल्या नाहीत, गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून वेदनाशामक घेतले, सणात लोणचे-पापड जास्त झाले. कारणे बहुधा याच्या पलीकडची नसतात आणि तपासणीच्या वेळी विचारली तर कळतात. दम्यात केवळ सालब्युटामॉलवर दिवस काढणारे रुग्ण पुन्हापुन्हा दाखल होतात. २०१९ पासून जागतिक मार्गदर्शक सूचनांनी अशा एकट्या वापराची शिफारस सोडून दिली आहे. श्वासातून घ्यायचे स्टिरॉइड लिहून देणे हे अर्धेच काम. रुग्णाला पंप समोर घ्यायला लावला की कळते, औषध किती वेळा जिभेवरच संपते. मधुमेही रुग्णाच्या साखरेचा आकडा पाहिला जातो, चपला-मोजे मात्र पायातच राहतात. बोटांच्या बेचक्यातली भेग त्या दिवशी दिसली असती, तर पुढची शस्त्रक्रिया वाचली असती.

वृद्धांच्या बाबतीत भरतीची किंमत वेगळीच असते. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी वृद्धांना दहा दिवस खाटेवर विश्रांती दिली, तेव्हा पायांतील चरबीविरहित वस्तुमान सरासरी जवळपास एक किलोने घटले. आजारी वृद्धाचे नुकसान याहून कमी होईल असे मानायला जागा नाही. शिवाय अनोळखी खोलीतला रात्रीचा भ्रम, कॅथेटरमुळे होणारा संसर्ग, पडणे. म्हणून चालत आलेल्या आजोबांना दाखल करावेच लागले, तर पहिल्याच दिवशी खुर्चीत बसवणे आणि अनावश्यक कॅथेटर काढणे हाही उपचाराचाच भाग आहे.

या सगळ्याचा अर्थ भरती कमी म्हणजे सेवा चांगली असा काढणे घातक ठरेल. उशिरा झालेली भरती ही अनावश्यक भरतीपेक्षा कितीतरी वाईट. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीत नवजात बाळांची काळजी गावातल्या प्रशिक्षित स्त्रियांकडे सोपवली आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट झाली. पण ती घरगुती सेवा म्हणजे सूचना देऊन केलेली बोळवण नव्हती. ठरलेल्या दिवशी घरी जाणारी, वजन आणि श्वास मोजणारी, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणारी व्यक्ती तिथे होती. घरी पाठवलेल्या रुग्णाला कोण, कधी पाहणार हे ठरलेले नसेल, तर त्याला घरी पाठवणे धोक्याचे आहे.

दाखल करायचे ठरले की पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: घरी न होणारी कोणती गोष्ट इथे होणार आहे, कोणते बदल दिसले की सुट्टी, आणि ती साधारण कोणत्या दिवशी. 'ताप, अशक्तपणा, निरीक्षणासाठी' एवढ्या नोंदीवर भरलेली खाट कधी रिकामी करायची हे रात्रपाळीच्या आरएमओला कळत नाही. सुट्टीच्या कागदावर पुढच्या भेटीची तारीख हवी. हार्ट फेल्युअरमध्ये ती एक-दोन आठवड्यांच्या आत असावी.

उरतो पैशाचा प्रश्न, आणि तो डॉक्टरांच्या सद्भावनेवर सुटणारा नाही. भारतातील आरोग्यविम्याच्या बहुतेक पॉलिसींत ठरावीक डे-केअर उपचार सोडले तर सलग २४ तासांच्या भरतीशिवाय दावा उभा राहत नाही. ओपीडीचा खर्च थोड्याच पॉलिसींत मिळतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची पॅकेजेसही मुख्यतः भरती आणि शस्त्रक्रियांभोवती बेतलेली आहेत. साहजिकच पॉलिसीधारक स्वतःच दाखल करून घ्या म्हणतो, आणि केवळ तपासण्यांसाठी झालेली भरती नियमानुसार वगळलेली असल्याने पुढे दावा नाकारला गेला की रोष डॉक्टरवर निघतो. सहा तासांच्या निरीक्षणाला स्वतंत्र दर, जुनाट आजारांच्या औषधांना व तपासणीला विम्याचे संरक्षण आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या भेटीचा पॅकेजमध्ये समावेश, या तीन मागण्या वैद्यकीय संघटनांच्या शाखांनी विमा नियामक आणि राज्याच्या आरोग्य खात्यापुढे लेखी मांडाव्यात. त्यासाठी लागणारा पुरावा प्रत्येक रुग्णालयाच्या दप्तरात आहे. गेल्या वर्षीच्या आंतररुग्णांचे केसपेपर काढून त्यातल्या कोणत्या भरती टाळता आल्या असत्या हे मोजण्याचे काम शाखांनी येत्या पावसाळ्याआधी हाती घ्यावे.