कीड, हुळुकु आणि पाच कप चहा

आपल्या सीमाभागात दुखऱ्या दाताला दोन भाषांत नाव आहे. मराठीत आपण ‘दात किडला’ म्हणतो, कन्नडमध्ये ‘हुळुकु हल्लु’. त्यातला ‘हुळु’ म्हणजे अळीच. एरवी या दोन भाषांच्या अभिमान्यांचे फारसे जुळत नाही, पण या गैरसमजावर दोघांचे एकमत आहे! आणि नाव जसे, तसाच उपाय सुचतो. खेड्यात कुणी रिंगणीच्या बियांची धुरी देतो आणि ताटलीतले पांढरे कण दाखवून ‘हे बघा किडे’ म्हणतो. ते कण दातातून आलेले नसतात.

दातात अळी नसतेच. दातावर जंतूंचा चिकट थर असतो. डॉक्टर त्याला प्लाक म्हणतात. लेवेनहूक नावाच्या डच कापडव्यापाऱ्याने 1683 साली आपल्या दातांवरचा हा थर भिंगाखाली पाहिला, तेव्हा त्यात वळवळणारे जीव दिसले. (तो आमच्या वाणिज्य शाखेचा माणूस, हे विज्ञानवाल्या मित्रांनी लक्षात ठेवावे.) हे जंतू दात खात नाहीत. ते साखर खातात आणि आम्ल सोडतात. त्या आम्लाने दाताच्या कवचातले क्षार विरघळतात. मग लाळ ते आम्ल सौम्य करते आणि गेलेले क्षार थोडेफार परत भरते. या भरपाईला अर्धा ते एक तास लागतो.

म्हणजे साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली, याला महत्त्व अधिक. स्वीडनमधील व्हिपेहोल्म येथे दुसऱ्या महायुद्धानंतर हे प्रयोगाने दिसले. जेवणाबरोबर साखर घेणाऱ्यांचे दात फारसे बिघडले नाहीत. जेवणांच्या मधे चिकट टॉफी खाणाऱ्यांचे भराभर किडले. हा प्रयोग बौद्धिकदृष्ट्या अपंग रुग्णांवर, त्यांच्या संमतीवाचून झाला, हेही विसरू नये.

आपला बिदर जिल्हा उसाचा. सणाची पुरणपोळी ऊठसूट बदनाम होते. माझ्या मते ती निर्दोष आहे, कारण ती जेवणात संपते. खरा गुन्हेगार कॅन्टीनचा चहा. पहिल्या तासाआधी एक, मधल्या सुटीत एक, असे संध्याकाळपर्यंत पाच होतात, वर बुडवलेले बिस्कीट. लाळेने भरपाई करायची कधी? गुळाचा चहा घेऊनही सुटका नाही. जंतू गूळ आणि साखर असा भेद करीत नाहीत.

याहून वाईट वाटते ते लहान मुलांचे. ‘दुधाचे दात, पडणारच’ हे वाक्य मला अजिबात मान्य नाही. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात, खालच्या पक्क्या दातांची जागा त्याच राखतात. मूल एका बाजूने चावते, रात्री रडते, शाळा बुडवते, आणि गाल सुजल्यावर दवाखाना आठवतो. तोवर मिसरी. तंबाखू घातलेल्या दंतमंजनावर सरकारने 1992 साली बंदी घातली, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिसरीला कोण अडवणार?

आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात दरवर्षी रस्ते झाडले जातात. यंदा एक दिवस गावच्या अंगणवाडीला द्यावा. बिदर आणि कलबुर्गी, दोन्हीकडे दंतमहाविद्यालये आहेत. तिथले विद्यार्थी दात तपासतील, आणि आयांना दोन्ही भाषांत समजावून सांगायला आम्ही आहोतच. खर्च एका जीपचा आणि चहाचा. तो बिनसाखरेचा असावा की नाही, यावर मतदान घ्यायला माझी हरकत नाही.