लग्नाची तिथि आणि ग्रीन कार्ड

गेल्या श्रावणांत आमच्या गंगापुरांतील एक परिचित गृहस्थ पंचांग काखेस मारून आमच्याकडे आले. समवेत त्यांच्या वृद्ध मातोश्री व उपवर कन्या होती. कन्येचा विवाह अमेरिकेंत नोकरीस असलेल्या एका मुलाशीं ठरला होता. मुलाकडील मंडळी मार्गशीर्षांतील मुहूर्त मागत होती. आजीबाईंचें म्हणणें असें कीं, यजमानांना जाऊन अजून वर्ष झालेलें नाहीं. चैत्रांत वर्षश्राद्ध होऊं द्यावें आणि मग वैशाखांत कार्य करावें. ‘मास्तर, एवीतेवीं मुलगा छत्तीस वर्षांचा झालाच आहे. आणखी पांच महिन्यांनीं काय बिघडतें?’ असा त्यांचा आम्हांस प्रश्न होता.

प्रश्न रास्त होता, आणि एरवीं आम्हीं वैशाखांतील मुहूर्तच काढून दिला असता. परंतु मुलाचा निरोप त्या गृहस्थांनीं वाचून दाखविला, तेव्हां ध्यानांत आलें कीं, येथें आमच्या पंचांगासमवेत अमेरिकेचेंही एक पंचांग पाहणें प्राप्त आहे. मुलाचा ग्रीन कार्डाचा, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्याचा, क्रमांक बारा वर्षांनीं लागला होता. माघ-फाल्गुनांत केव्हांही तो परवाना हातीं पडेल अशी चिन्हें होतीं. आणि लग्न त्याच्या आधीं होतें कीं नंतर, यावर त्या मुलीचीं पुढील कित्येक वर्षें अवलंबून होतीं. हा विषय आतां आपल्या समाजांतील पुष्कळ घरांच्या उंबरठ्याशीं आलेला आहे. तेव्हां त्याचा विचार या पानावर करणें अप्रस्तुत होणार नाहीं.

आम्ही शाळेंत तीस-बत्तीस वर्षें संस्कृत शिकविलें. ‘सह’ शब्दाच्या योगानें तृतीया होते हा नियम मुलांकडून घोकून घेतांना आम्ही सांगत असूं कीं, जो कर्ता त्याची प्रथमा, आणि जो सोबत जातो त्याची तृतीया. क्रियापद कर्त्याच्या मागून चालतें. सोबती एक असो वा दहा असोत, त्याच्या वचनानें क्रियापदांत फरक पडत नाहीं. अमेरिकेचा स्थलांतराचा कायदा कुटुंबाकडे याच दृष्टीनें पाहतो. ज्याच्या नोकरीवरून अर्ज होतो तो प्रधान. त्याची पत्नी आणि एकवीस वर्षांखालील अविवाहित मुलें हीं त्याच्यासह जाणारीं. प्रधान स्त्री असली तर पति तृतीयेंत जातो, एवढें मात्र त्या कायद्याच्या निःपक्षपाताचें श्रेय त्यास दिलें पाहिजे.

आपल्या भागास हा प्रकार अगदींच नवा नाहीं. आमचा तालुका १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता आणि कायगांवासमोर गोदावरीपलीकडील टोका इंग्रजी अमलांतील अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांत होतें. निजामाच्या राज्यांत १९१९ च्या मुलकी नियमांप्रमाणें सरकारी नोकरीचा हक्क ‘मुलकी’ माणसाचा होता. जन्मानें राज्याचा प्रजाजन असलेला, किंवा पंधरा वर्षें येथें राहून परत जाण्याचा विचार सोडलेला मनुष्य मुलकी ठरे. आणि त्याच नियमांत मुलकी पुरुषाची पत्नी हीही मुलकी गणली होती. नेवाशाकडील मुलगी नावेंतून नदी उतरून गंगापुरास सासरीं आली कीं, पंधरा वर्षें न राहतां मुलकी होत असे. हक्क मिळे खरा. पण तो तिच्या स्वतःच्या नांवें नसून कुंकवाच्या नांवें असे.

अमेरिकेंत मात्र एके काळीं विवाहानें हक्क मिळण्याऐवजीं जात असे. सखाराम गणेश पंडित हे अहमदाबादेस जन्मलेले विद्वान गृहस्थ १९१४ मध्यें अमेरिकेचे नागरिक झाले व १९१७ पासून कॅलिफोर्नियांत वकिली करूं लागले. १९२० मध्यें त्यांनीं एका अमेरिकन स्त्रीशीं विवाह केला. पुढें १९२३ मध्यें भगतसिंग थिंद यांच्या खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, हिंदी मनुष्य नागरिकत्वास पात्र नाहीं. त्या खटल्यांत थिंद यांचे वकील पंडितच होते. निकालानंतर सरकारनें आधीं नागरिक झालेल्या हिंदी लोकांचें नागरिकत्व काढून घेण्याचे दावे लाविले, आणि त्यांत पंडितांवरही दावा आला. १९२२ च्या तेथील कायद्याप्रमाणें, अपात्र परकीयाशीं विवाह करणारी अमेरिकन स्त्री स्वतःचें नागरिकत्व गमावीत असे. म्हणजे पंडित अपात्र ठरले असते तर त्या देशांत जन्मलेली त्यांची पत्नीही परकी ठरली असती. आपल्या नागरिकत्वावर विश्वासून आपण घर घेतलें, व्यवसाय मांडिला, विवाह केला. आतां तें काढून घेतल्यास पत्नीचेंही नागरिकत्व जाईल, हा मुद्दा पंडितांनीं न्यायालयापुढें मांडिला. १९२६ मध्यें अपिलाच्या न्यायालयानें त्यांच्या बाजूनें निकाल दिला आणि १९२७ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें सरकारचें म्हणणें ऐकण्यास नकार दिला. स्त्रियांना जाचणारें तें कलम १९३१ मध्यें गेलें आणि हिंदी लोकांस नागरिकत्वाचें दार १९४६ मध्यें उघडलें. मात्र त्या देशांत नव्यानें येण्याचा वांटा वर्षास शंभर माणसांपुरताच ठेविला.

तो काळ गेला, आणि आजचा कायदा इतका कठोर नाहीं. तथापि पति-पत्नींस एका दोरींत बांधण्याची त्याची रीत कायम आहे. ती समजून घेतली पाहिजे.

नोकरीच्या आधारें द्यावयाचीं ग्रीन कार्डें १९९० च्या कायद्यानें वर्षास सुमारें १,४०,००० ठेविलीं आहेत. या आंकड्यांत बायकामुलेंही मोजलीं जातात. कोणत्याही एका देशांत जन्मलेल्यांस सामान्यतः शेंकडा सातांहून अधिक वांटा मिळत नाहीं. भारतांतून जाणारे उमेदवार फार, वांटा तेवढाच. म्हणून आपल्या मुलांची रांग दहा-बारा वर्षांहूनही लांब गेली आहे. येथें देश म्हणजे नागरिकत्वाचा नव्हे, तर जन्माचा. आणि याच ठिकाणीं तृतीयेंतील सोबती कर्त्यास तारूं शकतो. पति भारतांत जन्मलेला असला, पण पत्नी अन्यत्र जन्मलेली असली, तर उभयतांचा अर्ज पत्नीच्या जन्मदेशाच्या वांट्यांत धरतां येतो. आईबाप दुबईस नोकरीला असतां तेथें जन्मलेल्या आपल्या एखाद्या मराठी कन्येचा जन्माचा दाखला अशा वेळीं बारा वर्षांची रांग चुकवितो. मुलांच्या जन्मदेशाचा लाभ मात्र आईबापांस मिळत नाहीं.

दुसरें असें कीं, पति व पत्नी दोघेंही स्वतंत्र नोकरीच्या व्हिसावर असलीं आणि दोघांचीही स्थलांतराची विनंती मंजूर झालेली असली, तर ज्याची तारीख आधींची त्यास प्रधान करून दुसऱ्यानें त्याच्यासह जावें अशी मुभा आहे. म्हणून सुनेचा स्वतंत्र व्हिसा सोडवून तिला आश्रित करण्याची घाई सासरच्यांनीं करूं नये.

आतां दोषाची बाजू पाहूं. पत्नीच्या कागदांत दोष निघाला, उदाहरणार्थ तिनें परवानगीवांचून नोकरी केली अथवा तिची मुदत टळली, तर तिचा स्वतःचा अर्ज अडचणींत येतो. नोकरीच्या वर्गांत एकूण १८० दिवसांपर्यंतचा असा दोष कायदा पोटांत घालतो, त्यापुढें नाहीं. पतीचा अर्ज मात्र त्यामुळें बुडत नाहीं. उलट पतीचा अर्ज बुडाला तर निर्दोष पत्नीचाही बुडतो. पतीची नोकरी सुटली तर २०१७ पासूनच्या नियमाप्रमाणें फार तर साठ दिवसांचा अवधि मिळतो, आणि त्या साठ दिवसांचें घड्याळ पत्नी व मुलें यांच्याही डोक्यावर टिकटिकत असतें. मुलगा किंवा मुलगी रांगेंतच एकवीस वर्षांची झाली, तर २००२ च्या कायद्यानें दिलेली वयाची सवलत हिशेबांत धरूनही पुष्कळदां तीं आईबापांच्या अर्जांतून गळतात.

आश्रित पत्नीच्या नोकरीचेंही तसेंच. एच-४ या आश्रितांच्या व्हिसावर मे २०१५ पर्यंत नोकरीची मुभा मुळींच नव्हती. त्यानंतर ती मिळूं लागली, पण सर्वांस नव्हे. पतीची स्थलांतराची विनंती मंजूर झालेली असेल, किंवा रांगेमुळें त्याचा व्हिसा सहा वर्षांपलीकडे वाढविला असेल, तरच. एम्.एस्सी. झालेल्या, बी.ई. झालेल्या आपल्या कित्येक मुली परदेशीं भांडीकुंडीं लावण्यांत वर्षें घालवितात, तें आळसानें नव्हे, हें येथील थोरामोठ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

या बांधलेल्या दोरीचें अत्यंत दुःखद उदाहरण २२ फेब्रुवारी २०१७ रोजीं घडलें. हैदराबादचे श्रीनिवास कुचिभोटला या तरुण अभियंत्यास कॅन्सस राज्यांतील ओलेथ गांवीं एका माथेफिरूनें वंशद्वेषानें गोळी घालून ठार केलें. त्यांची पत्नी सुनयना दुमाला पतीच्या अंत्यसंस्कारासाठीं भारतांत आल्या. त्यांचा तेथें राहण्याचा अधिकार पतीच्या व्हिसाशीं बांधलेला होता. पति गेला तसा तोही गेला. एका लोकप्रतिनिधीनें खटपट केली, तेव्हां त्यांस परत जाण्यापुरता तात्पुरता परवाना मिळाला. ज्या बाईनें पति गमावला तिनें त्याच आठवड्यांत आपलें घरही गमवावें, हें कायद्यानें मुद्दाम केलें असें नव्हे. तृतीयेंतील शब्दास कर्त्यावांचून वाक्यांत जागा उरत नाहीं, इतकेंच.

आमच्याकडे आलेल्या मंडळींची गोष्ट यावरून स्पष्ट होईल. मुलाच्या हातीं ग्रीन कार्ड पडण्यापूर्वीं विवाह झाला, तर पत्नी त्याच अर्जांत त्याच्यासह, अथवा मागाहूनही, जाऊं शकते. कार्ड पडल्यावर दुसऱ्या दिवशीं जरी विवाह झाला, तरी ती त्या अर्जाच्या बाहेर राहते. मग कायम निवाशाची पत्नी म्हणून नवा अर्ज, नवी तारीख आणि नवी रांग; ती रांग कधीं आखूड तर कधीं कैक वर्षांची असते. पतीचा जुना नोकरीचा व्हिसा संपलेला, म्हणून एच-४ ची वाटही बंद. मार्गशीर्ष आणि वैशाख यांत आजीबाईंस पांच महिने दिसत होते. त्या मुलीपुढें मात्र त्यांचीं वर्षें होऊन उभीं राहणार होतीं.

आम्हीं हें सर्व आजीबाईंस समजेल अशा रीतीनें सांगितलें. त्या बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, ‘त्यांचीं मासिकें राहतील, त्याचें काय?’ आम्हीं सांगितलें कीं, मंगलकार्य अडलें असतां राहिलेलीं मासिकश्राद्धें आधीं ओढून उरकण्याची सोय आपल्या धर्मशास्त्रांतच आहे. त्यास अपकर्ष म्हणतात. शास्त्रकारांनींही जाणलें होतें कीं, गेलेल्याच्या तिथीसाठीं राहिलेल्याचा संसार खोळंबूं नये. आजीबाईंनीं पदरानें डोळे पुसले आणि मुलास म्हणाल्या, ‘मार्गशीर्षांतला धर. यांनाही हेंच आवडलें असतें.’

उठतां उठतां मुलीनें विचारलें, ‘गुरुजी, मग तिकडे माझें स्वतःचें असें काय?’ ती जिल्ह्याच्या गांवीं एका महाविद्यालयांत औषधनिर्माणशास्त्र शिकविते. आम्हीं तिला सांगितलें तेंच येथें सर्व वाचकांसाठीं लिहितों.

विवाह लागतांच त्याची सरकारीं नोंद करावी. १९९८ च्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणें ती आवश्यकच आहे, आणि लग्नपत्रिका व छायाचित्रें तिचें काम करीत नाहींत. मुलीचा जन्माचा दाखला आधींच काढून पाहावा. जुन्या नोंदींत पुष्कळदां ‘मुलगी’ एवढेंच लिहिलेलें असून नांव नसतें. लग्नांत तांदुळांत नवें नांव लिहिण्याची हौस अवश्य करावी, पण कागदोपत्रीं जन्माचें नांव बदलण्याची घाई करूं नये. दाखल्यांत एक, पारपत्रांत दुसरें आणि विवाहनोंदींत तिसरें नांव झालें कीं, तीं तिन्हीं एकाच बाईचीं हें सिद्ध करीत बसावें लागतें. नोकरी असल्यास एकदम राजीनामा न देतां बिनपगारी रजा मिळते कीं काय तें पाहावें. पदव्यांचे कागद, पारपत्र आणि पतीच्या मंजूर विनंतीची प्रत यांचा एक संच पत्नीच्या स्वतःच्या पेटींत असावा. नियम वरचेवर बदलतात, म्हणून मुहूर्त धरण्यापूर्वीं तेथील जाणत्या वकिलाचा सल्ला घ्यावा. हुंड्यावर खर्च करणें पाप आहे, पण या सल्ल्यावर खर्च करणें शहाणपणाचें आहे.

आणि वरपक्षाकडील मुलगा अमेरिकेंत आहे एवढें ऐकून हुरळून न जातां वधूपित्यानें तीन प्रश्न विचारावेत: व्हिसा कोणता, विनंतीची तारीख कोणती, आणि आमची मुलगी तेथें कोणत्या नात्यानें राहील? पत्रिकेंतील गुण जुळवितांना आपण नाडी विचारतों, तसेंच हेंही विचारण्यांत संकोच कसला?

मार्गशीर्षांत तें कार्य यथासांग पार पडलें. श्राद्धें आधीं झालीं, अक्षता नंतर पडल्या. मुलीनें रजा घेतली आहे, राजीनामा दिलेला नाहीं. आणि कागदांचा संच तिनें आम्हांस मुद्दाम आणून दाखविला. जन्माच्या दाखल्यावर तिचें नांव नव्हतें, तें नगरपंचायतींतून लावून घेतलेलें आम्हीं पाहिलें आणि समाधान पावलों.