जनुक शाबूत, तरी बोट जादा

जनुकांच्या बातम्यांचा थाट ठरलेला असतो : अमक्या आजाराचे जनुक सापडले, तमक्या गुणाचे सापडले. गर्भात प्रत्यक्ष काय घडते हे पाहिले, की हा थाट टिकत नाही.

फळमाशीचे अंडे जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब. फलनानंतर त्यातल्या केंद्रकांच्या विभाजनाच्या 13 फेऱ्या होतात, पण मधली पेशीपटले तयार होत नाहीत. सुमारे 6,000 केंद्रके एकाच सामाईक द्रवात राहतात आणि प्रत्येकात जनुके तीच. मग डोके कुठे, शेपूट कुठे, हे ठरवते कोण? सुरुवात आईकडून होते. अंडे घडतानाच त्याच्या पुढच्या टोकाशी ‘बायकॉइड’ जनुकाचा आरएनए साठवला जातो. त्यापासून बनणारे प्रथिन पुढे दाट आणि मागे विरळ होत जाते. या दाटपणावरून केंद्रकाला आपली जागा कळते.

पुढचा भाग अधिक विलक्षण आहे. ‘इव्हन-स्किप्ड’ नावाचे जनुक गर्भावर सात पट्ट्यांत सक्रिय होते. त्यातल्या दुसऱ्या पट्ट्यासाठी डीएनएचा एक स्वतंत्र नियंत्रक तुकडा आहे. बायकॉइड आणि हंचबॅक ही प्रथिने त्यावर बसून जनुक चालू करतात. पुढच्या बाजूने जायंट आणि मागून क्रुपेल ते बंद पाडतात. चौघांच्या ओढाताणीत मधे काही केंद्रकांएवढी अरुंद पट्टी उरते. तेवढ्यातच जनुक बोलते.

क्रिस्टियाने न्यूस्लाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस यांनी हाइडेलबर्गमध्ये बिघडलेल्या अळ्या चिकाटीने तपासून 1980 मध्ये अशी 15 जनुके मांडली. 1995 चे नोबेल त्यांना एडवर्ड लुईस यांच्यासह मिळाले. माश्यांच्या अळ्या न्याहाळण्यावर पैसा का घालावा, असे विचारणाऱ्यांसाठी त्यातले एकच जनुक पुरे आहे : ‘हेजहॉग’. ते बिघडले की अळी साळिंदरासारखी काटेरी दिसते, म्हणून हे नाव.

माणसातल्या त्याच्या भावंडाचे नाव ‘सॉनिक हेजहॉग’. (हो, व्हिडिओ गेमवरूनच!) हाताच्या अंकुरात ते करंगळीच्या बाजूला सक्रिय होते आणि बोटांची मांडणी ठरवते. तिथे ते चालू करणारा नियंत्रक तुकडा जनुकापासून डीएनएची सुमारे दहा लाख अक्षरे दूर, दुसऱ्याच एका जनुकाच्या पोटात आहे. त्यातले एक अक्षर बदलले, तरी जनुक अंगठ्याच्या बाजूलाही जागे होऊ शकते आणि तिथे जादा बोट फुटते. जनुक स्वतः शाबूतच असते. 2016 मध्ये उंदरांतला हा तुकडा काढून त्या जागी सापाचा बसवण्यात आला, तेव्हा पायांची वाढ खुंटली.

नियंत्रक तुकड्यांचा हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता नाही. जन्मजात दोषांसाठी केली जाणारी एक्झोम चाचणी मुख्यतः प्रथिने घडवणारा भाग वाचते. तो आपल्या डीएनएच्या दोन टक्क्यांहूनही कमी आहे. नियंत्रक तुकडे बहुतांशी त्याबाहेर पडतात. तरीही हाती पडणाऱ्या अहवालात ‘दोष आढळला नाही’ एवढेच वाचून आईवडील निर्धास्त होतात, किंवा खचतात. कोणता भाग तपासला आणि कोणता तपासलाच नाही, हे त्याच अहवालात पहिल्या पानावर, साध्या मराठीत लिहिलेले असावे आणि समुपदेशकाने ते समोर बसून समजावून सांगावे.