सुट्टीतले शिबिर निवडताना

वार्षिक परीक्षा संपत आल्या की आमच्या बडोद्यात उन्हाळी शिबिरांच्या जाहिरातींचा मोसम सुरू होतो. रावपुऱ्यापासून मांजलपुरापर्यंत कोणत्याही रस्त्याने जा. भिंतीवर, विजेच्या खांबावर, वर्तमानपत्राच्या घडीत आणि आता मोबाइलवरही त्याच घोषणा दिसतात. वैदिक गणित, सुंदर हस्ताक्षर, कीबोर्ड, पाश्चात्त्य नृत्य, रोबोटिक्स, श्लोकपठण आणि वर ‘व्यक्तिमत्त्व विकास’, इतके सारे तीन आठवड्यांत एका मुलाच्या पदरात टाकण्याचे आश्वासन एकेका पत्रकात असते. पालक विषय मोजतात, फी विचारतात, खोली वातानुकूलित आहे ना एवढे पाहतात आणि पैसे भरून मोकळे होतात. यांपैकी एकाही चौकशीने मुलाचे दिवस तेथे कसे जातील हे कळत नाही. म्हणून सुट्टी लागण्यापूर्वीच या विषयाची थोडी चर्चा करणे आम्हास अगत्याचे वाटते.

शिबिरांच्या नावाने नाके मुरडणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. ‘आमच्या वेळी असले काही नव्हते’ हे वडीलधाऱ्यांचे पालुपद खरे आहे. परंतु त्या वेळी दुसरे जे होते ते आज राहिलेले नाही. दांडिया बाजारातल्या वाड्यांच्या चौकात सात-आठ बिऱ्हाडांची मुले जमत आणि कोणाची तरी आजी ओसरीवर निवडण-टिपण करीत त्या सर्वांवर नजर ठेवी. पुण्या-साताऱ्याकडे नाही तर इंदूर-ग्वाल्हेरकडे आजोळी महिनाभर मुक्काम पडे. आता पुष्कळशा वाड्यांच्या जागी सदनिका उभ्या आहेत, आईवडील दोघेही नोकरीस जातात, आणि आजोळची मामा-मामीही सकाळी घरास कुलूप लावून बाहेर पडतात. अशा घरातल्या मुलाने पाच आठवडे करावे काय? मोबाइलच्या पडद्यासमोर दिवस काढण्यापेक्षा चार समवयस्कांत जाणे केव्हाही बरे. शिबिर ही गरज झाली आहे, आणि गरजेची वस्तू आपण पारखून घेतो, तशीच हीही घ्यावी.

सर्वांत आधी जागा पाहावी. सांस्कृतिक पानावर हा मुद्दा रुक्ष वाटेल. परंतु गुजरातेत राहणाऱ्या पालकांस तो तसा वाटण्याचे दिवस उरलेले नाहीत. २४ मे २०१९ रोजी सुरतेच्या सरथाणा भागात एका व्यापारी इमारतीस आग लागली आणि वरच्या मजल्यावरील वर्गांतले २२ विद्यार्थी दगावले. कित्येकांनी जीव वाचवण्यासाठी वरून उड्या घेतल्या. १८ जानेवारी २०२४ रोजी आमच्याच शहरात, हरणीच्या तलावात, शाळेच्या सहलीची नाव उलटून १२ मुले आणि २ शिक्षिका बुडाल्या. नावेत तिच्या क्षमतेहून अधिक माणसे होती आणि अनेक मुलांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. त्याच वर्षी २५ मे रोजी, ऐन सुट्टीत, राजकोटच्या एका गेम झोनमध्ये आग लागून २७ जणांचा बळी गेला. या तिन्ही ठिकाणी मुले आपण होऊन गेली नव्हती. घरच्यांनी ती विश्वासाने पाठवली किंवा नेली होती.

तेव्हा पैसे भरण्यापूर्वी तो जिना एकदा स्वतः चढून जावे. वर्ग कोणत्या मजल्यावर आहे, खाली उतरण्यास दुसरी वाट आहे का, ती वाट कुलूप लावून किंवा खोकी रचून बंद तर केलेली नाही, गच्चीवर पत्रे ठोकून खोली उभी केली आहे काय, अग्निशमन खात्याचा दाखला कोठे आहे, हे विचारण्यात संकोच मानू नये. सहल असेल तर कोठे, कोणत्या वाहनाने आणि किती मोठी माणसे बरोबर, हे लेखी मागावे; पाण्याजवळ नेणार असतील तर अधिकच. मुलास घरी नेण्यास कोण येणार याची नोंद ठेवतात का आणि कोणत्याही मुलास एकट्यास बंद खोलीत कोणाबरोबर ठेवले जात नाही ना, हेही विचारावे. चांगला संचालक या प्रश्नांनी रागावत नाही. जो रागावतो, त्याच्याकडे मूल न पाठवलेलेच बरे.

दुसरा प्रश्न वेळेचा. मे महिन्यात येथे पारा चाळीस-बेचाळीस अंशांवर असतो, आणि दुपारी बारा वाजता मैदानावर कवायत घेणारे शिबिर कितीही नामांकित असले तरी ते मुलांच्या हिताचे नाही. धावणे, मल्लखांब, खो-खो हे सारे सकाळी साडेसात ते दहापर्यंत आटोपावे. पुढे सावली, पाणी आणि बैठे काम. आईवडील नोकरीस जात असल्यामुळे मूल संध्याकाळपर्यंत तेथेच राहणार असेल, तर जेवणानंतर तासभर पडण्याची सोय आहे का ते पाहावे. बाटलीबंद रंगीत पाण्यापेक्षा ताक, पन्हे, कोकमाचे सरबत देणारे शिबिर आम्हास अधिक शहाणे वाटते. डोके दुखणे, मळमळ, चक्कर या तक्रारींकडे ‘नाटके करतो’ म्हणून दुर्लक्ष होत नाही ना, याची खात्री आईने करून घ्यावी.

यानंतर खरा मुद्दा येतो, तो शिकवणाऱ्याचा. पत्रकावर विषयांची यादी असते, शिक्षकांची क्वचितच असते. गवयाच्या घरात जन्मून शिकवण्याचाच व्यवसाय केलेल्या माणसास गायनापुरते तरी थोडे अधिकाराने बोलता येईल. तीन आठवड्यांत कोणासही गाणे येत नाही. या मुदतीत फार तर इतके होते: मूल तंबोऱ्याच्या षड्जाशी आपला षड्ज मिळवू लागते, एक-दोन सोपे ताल हाताने धरते, आणि दुसरा गात असता गप्प बसून ऐकण्याची त्यास गोडी लागते. एवढे झाले तरी सुट्टी सार्थकी लागली असे आम्ही समजू. ‘एकवीस दिवसांत दहा राग’ असे छापणाऱ्याने रागही ओळखलेला नाही आणि मूलही.

गायनाच्या वर्गात पालकांनी पंधरा मिनिटे मागे बसून पाहावे. शिक्षक स्वतःच गात राहतो, की मुलांना गावयास लावून ऐकतो? मुलांची पट्टी मोठ्या पुरुषाच्या पट्टीहून उंच असते. शिक्षक आपल्या सोयीच्या पट्टीत हार्मोनियम धरून बसला की मुले खर्जात कुजबुजतात किंवा ओरडतात, आणि दोन्हीही गळ्यास वाईट. बारा-चौदा वर्षांच्या मुलाचा आवाज फुटत असेल तर त्यास ताणून गावयास न लावता ताल, ठेका, श्रवण यांत गुंतवणारा शिक्षक जाणता म्हणावा. गाण्याच्या वर्गात एका शिक्षकामागे बारा-पंधरा मुले ठीक. चाळीस मुलांपुढे ध्वनिवर्धक लावून चालतो त्यास वर्ग म्हणता येत नाही. हीच कसोटी चित्रकलेस, नाट्यास आणि आखाड्यासही लावावी. मल्लखांबाखाली गादी आहे काय आणि मूल वर असताना हाताशी माणूस उभा आहे काय, हे पाहण्यास आईबापांनी पहिलवान असण्याची गरज नाही.

शेवटच्या दिवशीच्या ‘कार्यक्रमा’विषयीही बोलले पाहिजे, कारण शिबिराचे निम्मे दिवस तोच खातो. दुसऱ्या आठवड्यापासून तालमी सुरू होतात. ध्वनिमुद्रित गाण्यावर एकच नाच पन्नास वेळा बसवला जातो. ज्याला चटकन येते तो पुढच्या रांगेत आणि ज्याला येत नाही तो झाड किंवा ढग होऊन मागे उभा. पालकही त्या दिवशी मूल पाहण्याऐवजी मोबाइल उंच धरून त्याचे चित्रण करीत असतात. खरे म्हणजे मागे उभे राहणाऱ्या मुलासाठीच शिबिराची गरज अधिक होती. संचालकांनी हा सोहळा टाळून शेवटच्या दिवशी पालकांस नेहमीच्या वर्गातच बसवले, तर त्यांना मुलाने काय मिळवले ते अधिक चांगले दिसेल.

आणि रिकामा वेळ? ‘मुलांना एक क्षणही रिकामे ठेवत नाही’ असे अभिमानाने सांगणारे संचालक आम्हास भेटले आहेत. वकिली सोडून मुलांच्या शिक्षणास वाहून घेतलेल्या गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरास बालमंदिर काढले आणि पुढे आमच्या ताराबाई मोडक त्यांस जाऊन मिळाल्या. गुजराती आणि मराठी बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या या दोघांनी शिकवले ते हे, की मूल स्वतः निवडलेल्या कामात रमते तेव्हा त्याचे शिक्षण चाललेले असते आणि मोठ्यांनी त्यात उठसूट लुडबूड करू नये. शंभर वर्षांनंतर त्याच गुजरातेत मुलांचा दिवस चाळीस-चाळीस मिनिटांच्या तुकड्यांत कापला जावा, हे बरे नव्हे. वेळापत्रकात रोज तासभर तरी ‘मुलांचा वेळ’ असावा. त्यात मुले भांडतील, कंटाळतील आणि मग एखादा खेळ काढतील. वाड्याच्या चौकात हेच होत असे.

आता आपल्या घरांपुरता एक प्रश्न. पिढ्यान् पिढ्या येथे राहिलेल्या मराठी कुटुंबांत आज आई मराठीत विचारते आणि मूल गुजरातीत किंवा इंग्रजीत उत्तर देते. गुजराती येणे हे भूषणच आहे. या शहराने आम्हास पोटाशी धरले आणि त्याची भाषा आमचीही आहे. परंतु आजीची गोष्ट कळेनाशी झाली, जुनी पत्रे वाचता येईनाशी झाली, तर घरातल्या घरात एक भिंत उभी राहते. यावर उपाय म्हणून मुलांस ‘मराठी भाषा वर्गा’त घालून ऱ्हस्व-दीर्घ घोटवावे, असे आम्ही सुचवणार नाही, सुट्टीत तो जाच होईल. पण शिबिरात एखादा तास असा असावा की ज्यात मराठी हे साधन असेल: एखादे बालनाट्य बसवणे, भोंडल्याची गाणी फेर धरून म्हणणे, आजोबांनी सांगितलेली पेशवाईतली गोष्ट ऐकून तिचे चित्र काढणे. अशा तासास शेजारची गुजराती मुलेही आनंदाने येतील, आणि ती यावीत. आपल्याच मुलांचे वेगळे कोंडाळे करून भाषा टिकत नाही. तिच्यात खेळणारी मुले वाढली तर टिकते.

हे सारे मिळवण्यासाठी मोठी फी मोजावीच लागते असेही नाही. या शहराच्या पदरी जे आहे ते फार थोड्या शहरांस लाभले. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १८८६ साली मौलाबक्ष यांच्या हाताखाली गायनशाळा निघाली, आणि स्वरलेखनाच्या आधारे गाणे वर्गात शिकवता येते हे येथे दिसून आले. जुम्मादादांच्या आखाड्याचा वारसा प्रोफेसर माणिकरावांनी चालवला; मुसलमान उस्तादाचा मराठी शिष्य, आणि त्या मातीत सर्व जातींची मुले. १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना आणून महाराजांनी मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसवली. सयाजीबागेतले संग्रहालय १८९४ पासूनचे. तेथला देवमाशाचा सांगाडा आणि इजिप्तची ममी पाहून आलेले मूल आठवडाभर प्रश्न विचारते. सकाळी व्यायाम, मग गोष्टीची पुस्तके, आठवड्यातून एकदा संग्रहालय, आणि दोन घरांआडच्या एखाद्या जाणत्या गायकाकडे किंवा चित्रकाराकडे तासभर. चार शेजारी कुटुंबांनी मिळून आळीपाळीने रजा काढली, निवृत्त आजी-आजोबांनी हात दिला, तर असे शिबिर घराजवळच उभे राहते.

आमच्या मराठी संस्थांस यासंबंधी एक विनंती आहे. त्यांची सभागृहे मे महिन्यात बहुधा लग्न-मुंजींना भाड्याने जातात. वर्षातले पंधरा दिवस, सकाळचे तीन तास, ती मुलांसाठी मोकळी ठेवावीत. शिकवणाऱ्यास योग्य मानधन द्यावे, कारण फुकट शिकवणारा फार दिवस टिकत नाही. आणि दहा मुलांमागे दोन जागा बिनफीच्या ठेवाव्यात, म्हणजे आपल्या घरी धुणी-भांडी करणाऱ्या बाईंची मुलेही त्या आवारात खेळू शकतील.

आणि पालकांस इतकेच सांगणे, की शिबिर सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी मुलास ‘आज काय शिकलास?’ असे न विचारता ‘आज कोणाबरोबर खेळलास?’ असे विचारावे. मित्राचे नाव, एखादी खोडी, शिक्षकांनी सांगितलेली एखादी गंमत त्याच्या तोंडून आली तर निवड बरोबर झाली असे समजावे. मूल गप्प राहिले किंवा सकाळी पोट दुखते म्हणू लागले, तर भरलेल्या फीचा विचार न करता त्यास घरी ठेवावे आणि कारण शोधावे. पैसे पुन्हा मिळवता येतील. त्या वयातली सुट्टी त्यास पुन्हा मिळणार नाही.