गरोदर स्त्रीचे रक्त आणि तपासणीचा बाजार

रक्ताच्या एका थेंबावरून आईच्या आणि तिच्या पोटातील मुलाच्या जिवाला असलेला धोका वेळीच ओळखता येतो, हे वैद्यकशास्त्राने केव्हाच सिद्ध केले आहे. १८८० साली लाव्हेराँ या फ्रेंच डॉक्टरला अल्जेरियात सैनिकांच्या रक्तात हिवतापाचा परजीवी दिसला. १९०६ साली जर्मनीत वासरमान आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उपदंश, म्हणजे लोकांच्या बोलीतील गरमी, रक्तावरून ओळखण्याची रीत शोधली. आज या दोन्ही रोगांच्या तपासण्या बोटाला सुई टोचून थोड्याच मिनिटांत होतात आणि त्यांचा खर्चही फार नाही. असे असूनही कष्टकरी स्त्रीला आवश्यक ती तपासणी वेळेवर मिळत नाही आणि अनावश्यक ती मात्र पैसे मोजून करावी लागते. हा केवळ ढिलाईचा परिणाम नव्हे. आरोग्यसेवा बाजाराच्या हाती सोपविली की असेच घडते.

भिलाई-दुर्ग पट्ट्यात विदर्भातून आलेली मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. बोरसी ही याच पट्ट्यातील वस्ती. पोलाद कारखान्यातील कायम कामगाराच्या कुटुंबाला कारखान्याच्या इस्पितळाचा आधार असतो. कंत्राटी कामगार, बांधकाम मजूर आणि घरकाम करणाऱ्या स्त्रिया यांना तो तसा नाही. त्यांच्यापुढे सरकारी आरोग्य केंद्र किंवा खासगी प्रयोगशाळा एवढेच दोन मार्ग उरतात. पहिल्या मार्गावर एका दिवसाची मजुरी बुडते, दुसऱ्यावर अनेक दिवसांची.

हिवतापाचा विचार प्रथम केला पाहिजे. बस्तर आणि त्याला लागून असलेला गडचिरोली जिल्हा हे देशातील हिवतापग्रस्त मुलुखांपैकी आहेत आणि मजुरांची ये-जा तेथून सतत चालू असते. फाल्सिपेरम जातीचा परजीवी गरोदर स्त्रीच्या वारेत दडून बसतो. त्यामुळे बोटातून घेतलेल्या रक्ताच्या काचपट्टीवर तो कधी कधी दिसतच नाही; आईचे रक्त मात्र आटत जाते आणि मूल कमी वजनाचे जन्मते. ज्या भागात हिवताप कायम ठाण मांडून असतो तेथे पहिलटकरणीला हा धोका सर्वांत अधिक. आपल्याकडे तर पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते. तपासणीचा कागद भिलाईत राहतो, ताप येतो गडचिरोलीच्या एखाद्या गावात, आणि तेथील डॉक्टरला पूर्वीचे काहीच ठाऊक नसते. म्हणून एक तपासणी निर्दोष आली एवढ्यावर समाधान मानता येत नाही. ताप आला की पुन्हा रक्त तपासले पाहिजे आणि कोणत्या जातीचा हिवताप आहे हे कळले पाहिजे, कारण प्राइमाक्विनसारखे औषध गरोदर स्त्रीला देता येत नाही.

या बाबतीत देशाने एकदा मोठी किंमत मोजली आहे. १९६५ च्या सुमारास हिवतापाच्या रुग्णांची वार्षिक संख्या एक लाखापर्यंत खाली आली होती. पुढे देखरेख सैल झाली, काचपट्ट्या तपासणीवाचून साचत राहिल्या, आणि १९७६ साली हीच संख्या सुमारे ६४ लाखांवर गेली. घेतलेले रक्त वेळेत तपासले गेले नाही तर ते न घेतल्यासारखेच होय.

उपदंशाची गोष्ट याहून अधिक उद्वेगजनक आहे. हा रोग आईकडून गर्भाला जातो. गर्भपात, मृत मुलाचा जन्म, व्यंग हे त्याचे परिणाम. रोग सुरुवातीच्या अवस्थेत असेल तर पेनिसिलीनचे एक इंजेक्शन पुरते. जुना असेल तर आठवड्याच्या अंतराने तीन. परंतु हा उपचार बाळंतपणाच्या किमान महिनाभर आधी व्हावा लागतो आणि नवऱ्यालाही द्यावा लागतो. कळा सुरू झाल्यावर केलेली तपासणी मुलाला वाचविण्यास उशिराची ठरते. एचआयव्हीचे तेच. उपचार न झाल्यास आईकडून मुलाला लागण होण्याचे प्रमाण शंभरात पंधरा ते पंचेचाळीस असते. वेळेवर औषधे मिळाल्यास ते पाचाच्या खाली आणता येते. हिपॅटायटिस ‘बी’ आईला आहे हे आधी कळले तर जन्मानंतर चोवीस तासांच्या आत लस देऊन मुलाला बहुतांशी वाचविता येते.

आता बाजाराची दुसरी बाजू पाहावी. एखाद्या स्त्रीचा गर्भ दोनदा पडला की तिच्या हाती ‘टॉर्च’ तपासणीची चिठ्ठी देण्याची पद्धत शहरोशहरी रूढ झाली आहे. टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी, रुबेला, सायटोमेगालो आणि हर्पिस हे विषाणू आणि इतर काही रोग यांच्या आद्याक्षरांवरून १९७१ साली हे नाव पडले. नवजात मुलाच्या आजाराचे कारण शोधताना या रोगांचा एकत्रित विचार व्हावा, हा त्यामागील हेतू होता. बाजाराने त्याचे एक गाठोडे बांधून गर्भपात झालेल्या प्रत्येक स्त्रीच्या माथी मारले.

या तपासणीत रोगजंतू दिसत नाही. त्याच्याशी शरीराने केलेल्या लढ्याची खूण दिसते. ‘आयजीजी’ आढळले तर लागण केव्हातरी होऊन गेली एवढाच त्याचा अर्थ, आणि टॉक्सोप्लाझ्माच्या बाबतीत अशी जुनी लागण पुढच्या गर्भाला सहसा संरक्षणच देते. ‘आयजीएम’ आढळले तरी लागण ताजीच असेल असे नाही. ती खूण कित्येक महिने, कधी वर्षाहूनही अधिक काळ टिकते. फ्रान्समध्ये १९७८ पासून गरोदर स्त्रियांची टॉक्सोप्लाझ्मासाठी तपासणी होते. ज्यांना पूर्वी लागण झालेली नाही अशा स्त्रियांचे रक्त तेथे दरमहा पुन्हा तपासले जाते, तेव्हाच नवी लागण नेमकी ओळखता येते. आपल्याकडे एकदाच काढलेल्या आकड्याच्या आधारे स्त्रीला महिनोन्‌महिने औषधे घ्यावी लागतात, आणि ‘तुझ्याच रक्तात दोष’ हा सासरचा टोमणा वर ऐकावा लागतो.

यावर शास्त्राच्या नावाने गप्प बसण्याचे कारण नाही. क्षयरोगाच्या रक्ततपासणीचा असाच धंदा देशभर चालला होता. ती तपासणी विश्वासार्ह नाही असे जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली स्पष्ट सांगितले आणि २०१२ साली भारत सरकारला तिच्यावर बंदी घालावी लागली. निरुपयोगी तपासणी बंद करता येते, हे त्यावरून दिसले.

उपयुक्त तपासणी गरिबाच्या दारी नेता येते, हेही याच छत्तीसगडने दाखविले आहे. भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली राजहरा येथील खाण कामगारांनी आपल्या श्रमाने आणि वर्गणीने १९८३ साली शहीद इस्पितळ उभारले. संघटनेच्या उपाध्यक्ष कुसुमबाई यांचा बाळंतपणात उपचाराअभावी झालेला मृत्यू या निर्धारामागे होता. बिलासपूरजवळील गनियारी येथे जन स्वास्थ्य सहयोगाने खेड्यातील आरोग्य सेविकांनी घेतलेल्या हिवतापाच्या काचपट्ट्या प्रवासी बसमधून प्रयोगशाळेत आणण्याची आणि निकाल परत पाठविण्याची व्यवस्था बसविली. यंत्रसामग्रीचा डामडौल नसतानाही हे साधले.

परंतु कामगारांनी इस्पितळ बांधले म्हणून शासनाची जबाबदारी संपत नाही. गरोदर स्त्रीच्या तपासण्या सरकारी संस्थेत विनामूल्य व्हाव्यात हे २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने मान्य केले आहे. कोणत्या पातळीवरील केंद्रात कोणत्या तपासण्या असाव्यात याची राष्ट्रीय यादी २०१९ साली प्रसिद्ध झाली. कागदावर हक्क आहे. केंद्रात तपासणीचे साहित्य आणि तंत्रज्ञ आहेत काय, हा खरा प्रश्न आहे.

म्हणून मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांतच हिमोग्लोबिन, उपदंश, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस ‘बी’ यांची तपासणी विनामूल्य व्हावी, हिवतापाच्या मुलुखात प्रत्येक तापाला रक्त तपासले जावे, निकाल त्याच दिवशी मिळावा आणि उपचारही तेथेच सुरू व्हावा, माहेरी जाणाऱ्या स्त्रीच्या हाती तिच्या निकालाचा कागद असावा, ‘टॉर्च’सारख्या गाठोड्यांवर शासनाने नियंत्रण आणावे, आणि तंत्रज्ञांची रिक्त पदे कंत्राटी नव्हे, कायम पद्धतीने भरावीत.

बोरसीसारख्या प्रत्येक वस्तीतील सभासदांनी जवळच्या केंद्रात जाऊन यांपैकी काय आहे आणि काय नाही याची नोंद करावी, ती मोहल्ल्याच्या सभेत वाचून दाखवावी आणि स्त्रियांना बरोबर घेऊन अधिकाऱ्यांकडे जाब मागावा. कामगाराच्या घरी जन्मणाऱ्या मुलाचा पहिला हक्क निरोगी जन्माचा आहे. तो मिळवून देणे हे कामगार चळवळीचेच काम आहे.