केंद्रे घडले, पुढचे कुठं घडणार?

वामन केंद्रे बीड जिल्ह्यातल्या दरडवाडीचे. वडील भारुडं करायचे. मुलगा औरंगाबादला नाट्यशास्त्र शिकला, दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून १९८२ साली बाहेर पडला आणि २०१३ ते २०१८ त्याच विद्यालयाचा संचालक झाला. त्यांची २०१९ची पद्मश्री आपल्याकडं सगळ्यांच्या तोंडी आहे. मला १९८७चं ‘झुलवा’ जास्त मोलाचं वाटतं. उत्तम बंडू तुपे यांच्या कादंबरीवरून चेतन दातारांनी लिहिलेलं हे नाटक. जोगतिणींचं जगणं, त्यांची गाणी, त्यांचा नाच केंद्रेंनी थेट मुंबईच्या रंगमंचावर आणला. घरात भारूड होतं म्हणूनच ही हिंमत आली, असं माझं ठाम मत आहे.

मी निलंग्यात मराठी शिकवतो, पोरांची नाटकं बसवतो. शाळा सुटली की बाक भिंतीला लावायचे, फरशीवर खडूनं रंगमंच आखायचा, की तालीम सुरू. एका पोराचं वाक्य काही केल्या उठेना. पाठ केलेलं धडाधडा म्हणून मोकळा व्हायचा. त्याचे आजोबा भारुडं म्हणणारे. म्हटलं, “आज्जा कसं म्हणतो रे? तसं म्हण.” पोरानं बाह्या वर सारल्या, एक पाय पुढं टाकला, मान तिरकी केली आणि समोरच्यावर बोट रोखून वाक्य असं फेकलं, की खिडकीला लोंबकळलेली पोरं गप झाली. आज तो पुण्यात मालाची गाडी चालवतो. नाटक सुटलं ते सुटलंच.

असं सगळीकडं होत नाही. युरोपातला एस्टोनिया हा देश लोकसंख्येनं आपल्या लातूर जिल्ह्याहून लहान. तिथल्या राकवेरे या गावात निलंग्याहूनही कमी माणसं राहतात. तरी तिथं १९४० पासून नाट्यगृह आहे, त्याचे स्वतःचे पगारी नट आहेत. नाटकावर पोट भरायला तिथल्या नटाला राजधानी गाठावी लागत नाही.

आपल्याकडं राज्य नाट्य स्पर्धेला लातूर, नांदेडच्या केंद्रांवर हौशी मंडळी जीव तोडून नाटकं करतात. स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवलं जातं. पण शिकून झाल्यावर काय? पुण्या-मुंबईची गाडी धरायची, मालिकेत दोन दिवसांचं काम मिळालं तर मिळालं. केंद्रेंसारखा एखादा तगतो. बाकीचे कुठं गेले, हे कोणी विचारतही नाही.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. लातूर नाहीतर नांदेडला सरकारनं कायमचं रंगमंडळ उभारावं. दहा-पंधरा नट पगारावर ठेवावेत. वर्षभर त्यांनी औसा, उदगीर, निलंगा, देगलूर, मुखेडला प्रयोग करावेत, शाळांत जाऊन पोरांना शिकवावं. एका मोठ्या महोत्सवाच्या मांडवावर उडतो तेवढ्या पैशात हे बसेल. दोन्ही जिल्ह्यांच्या आमदारांनी येत्या अर्थसंकल्पाआधी ही मागणी विधानसभेत लावून धरावी. मी माझ्या आमदारांना पत्र लिहिलं आहे. तुम्ही तुमच्या आमदारांना लिहा.