घरातली पहिली रायफल

आई, वडील, दोन मुले आणि एखादा हौशी काका, अशा सगळ्यांना मिळून वापरता येईल अशी पॉइंट टू टूची लिव्हर-ॲक्शन रायफल घ्यावी का, असा प्रश्न कोकणातल्या प्रशिक्षकांना आणि क्लब चालवणाऱ्यांना पालक हल्ली विचारू लागले आहेत. आमचे मत आधीच सांगून टाकतो. रत्नागिरीत राहणाऱ्या कुटुंबाने पहिली रायफल म्हणून ती घेऊ नये. पहिली रायफल एका वेळी एकच छर्रा घेणारी, पॉइंट वन सेव्हन सेव्हनची एअर रायफल असावी. त्यानंतरची पॉइंट टू टू क्लबच्या रेंजवर, बोल्टची, एकेक काडतूस हाताने भरायची असावी.

लिव्हर-ॲक्शनवर आमचा राग नाही. अमेरिकेत मार्लिनने १८९१ साली या धर्तीची पॉइंट टू टू आणली, आणि तिचाच वंश पुढे मॉडेल ३९ए म्हणून नावारूपाला आला. विंचेस्टरची ९४२२, ब्राउनिंगची बीएल-२२, हेन्रीची साधी रायफल, या सगळ्या तिथल्या घरांत बापाकडून लेकीकडे गेलेल्या आहेत. वजन सव्वादोन ते तीन किलो. धक्का जवळजवळ नाही. लिव्हर खाली-वर केला की रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि नवे काडतूस आत जाते. डावखुऱ्या मुलाला ती उजव्याइतकीच सोयीची, आणि हा गुण बोल्टच्या बहुतेक रायफलींत नाही. मोकळ्या माळावर डबे पाडायचे असतील तर याहून आनंदाचे हत्यार क्वचितच सापडेल. पण डबे पाडणे वेगळे आणि मुलाला नेमबाज करणे वेगळे.

आधी यंत्र पाहू. यातल्या बहुतेक रायफलींची काडतुसे नळीखालच्या लांब नळकांड्यात एकामागे एक बसतात, पंधराच्या आसपास. ते नळकांडे रिकामे झाले की नाही हे बाहेरून दिसत नाही. आतला दांडा बाहेर काढून, लिव्हर दोन-तीनदा चालवून, चेंबरमध्ये डोकावून खात्री करावी लागते. मोठा माणूस हे करील. दहा वर्षांचे मूल घाईत करणार नाही. त्याहून मोठा धोका घोड्याचा. या रायफलींचा घोडा बाहेर असतो. काडतूस आत आहे आणि गोळी झाडायची नाही असे ठरले, तर एका हाताने चाप दाबून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तो घोडा हळूहळू खाली सोडावा लागतो. अंगठा घामाने निसटला तर गोळी सुटते. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या कोकणी उकाड्यात लहान मुलाच्या अंगठ्यावर एवढा भार टाकणे आम्हाला मान्य नाही. बोल्टच्या एकेरी रायफलीत बोल्ट मागे ओढला की चेंबर उघडे दिसते. प्रशिक्षकाला पाच पावलांवरून कळते की हत्यार रिकामे आहे. शिकवणाऱ्याच्या दृष्टीने याएवढी मोलाची गोष्ट दुसरी नाही.

पॉइंट टू टूच्या रिमफायर काडतुसाचा स्फोटक मसाला बुडाच्या मध्यभागी नसतो, कडेच्या काठात असतो. फायरिंग पिन त्या काठावर आदळते. काडतूस नसताना चाप ओढला तर जुन्या रायफलींत ती थेट चेंबरच्या कडेवर आदळते आणि कालांतराने तिथे खाच पडते. म्हणजे ड्राय प्रॅक्टिस बंद, नाहीतर नकली काडतुसांची कसरत. आणि नेमबाजाची निम्मी घडण ड्राय प्रॅक्टिसमध्येच होते, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. स्पर्धेच्या एअर रायफलीत त्यासाठी वेगळी सोय असते. पडवीत भिंतीवर काळा ठिपका लावून, छर्रा न भरता, मूल रोज अर्धा तास चाप शिकू शकते.

पालथे पडून लिव्हर चालवून पाहावा. कोपर जमिनीला टेकलेले असते, लिव्हर खाली उघडायला जागाच नसते. रायफल तिरपी करावी लागते, गालाची ठेवण मोडते, पट्टा सैल होतो. म्हणजे प्रोन, जिथून ५० मीटरची सुरुवात करायची, तीच बाद होते. तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळवले ते ५० मीटर प्रोनमध्ये. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्य जिंकले ते गुडघ्यावर, पालथे आणि उभे अशा तीन स्थितींच्या प्रकारात. त्या प्रकाराच्या नियमांत एका वेळी एकच काडतूस भरणारी रायफल चालते. या दोघांचे कोल्हापूर घाटापलीकडेच आहे. आपल्या मुलांनी ज्यांच्याकडे पाहून हा खेळ धरला, त्यांच्या हातात कोणती रायफल होती हे पालकांना प्रशिक्षकांनी दाखवून द्यावे.

मापाचा प्रश्न याहून जिव्हाळ्याचा. ‘सगळ्यांना एकच’ ही कल्पनाच चुकीची आहे. बापाच्या खांद्याला बसणारा दस्ता बारा वर्षांच्या मुलीला दोन-तीन इंच लांब पडतो. मग ती पाठीतून मागे वाकते, डोके पुढे ताणते, आणि ती सवय पुढे मोडता मोडत नाही. जुन्या धाटणीच्या लिव्हर-ॲक्शनचा लाकडी दस्ता कमी-जास्त करता येत नाही. कापला तर बापाला निरुपयोगी. एअर रायफलींत सरकणारा दस्ता आणि वरखाली होणारा गालपट्टा मिळतो. घरात सर्वांत लहान जो नेमबाज असेल त्याच्या मापाने रायफल घ्यावी आणि मोठ्यांसाठी ती वाढवावी. स्पर्धेची एअर रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते, पण एवढे ओझे लहान मुलाच्या हातावर पहिल्या दिवशी देऊ नये. आधी टेबलावर टेकवून, मग पट्ट्यावर, मग उभ्याने.

आता कायदा, कारण इथे गैरसमज फार आहेत. १९५९च्या शस्त्र कायद्याखालचा परवाना व्यक्तीचा असतो, कुटुंबाचा नव्हे. वडिलांच्या नावावरची रायफल मुलाने, भावाने, पत्नीने आपली म्हणून वापरायची नसते. २१ वर्षांखालच्यांना परवाना मिळत नाही. प्रशिक्षणापुरती सवलत आहे, पण ती ठरवून दिलेल्या अटींतच. २०१९च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवता येतात. खेळाडूंसाठी तरतूद वेगळी आहे. आपल्या जिल्ह्यात रानडुकरांपासून आणि माकडांपासून भात-बागायत राखण्यासाठी सिंगल बॅरल बाळगणारे शेतकरी गावोगाव आहेत. त्यांच्या घरातली मुले नेमबाजीकडे वळतात हे उत्तमच. पण पिकाच्या राखणीसाठी मिळालेला परवाना मुलांना नेम शिकवण्यासाठी नाही, आणि बारा बोअरवर नेमबाजी शिकवलीही जात नाही. लिव्हर-ॲक्शनची तर उपलब्धता हाच प्रश्न आहे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकाला परदेशी रायफल मागवता येत नाही. जे मिळते ते त्यापूर्वी आलेले, हातोहात फिरलेले, आणि किंमत हत्याराच्या गुणापेक्षा दुर्मिळतेची. सुटे भाग तर मिळतच नाहीत. याउलट ०.१७७ बोअर आणि २० जूल या मर्यादेतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. स्पर्धेची दहा मीटरची रायफल या मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी ताकदीची असते. परवाना लागत नाही म्हणजे ती खेळणे नव्हे. डोळा जायला एक छर्रा पुरतो.

आपल्या हवेचाही विचार करावा. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत पोलाद आठवड्यात तांबूस होते. बोल्टची रायफल बोल्ट काढून मागच्या बाजूने, चेंबरकडून साफ करता येते. पुष्कळशा लिव्हर-ॲक्शन रायफलींत गज पुढून, नळीच्या तोंडातून घालावा लागतो. तोंडाची कड झिजली की नेमाचा अचूकपणा गेला. मार्लिन ३९ए किंवा ९४२२ एक स्क्रू काढून दोन भागांत सुटते, तिला हा दोष लागत नाही, पण ती इथे मिळणार कुठे? हत्यार कोणतेही असो, पावसाळ्यात कापडी किंवा चामडी खोळीत बंद करून ठेवू नये. खोळ ओल धरते.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. परसात जांभ्याच्या गडग्यासमोर निशाण लावून सराव करण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. ती आजच थांबवावी. दगडावरून छर्रा उलटून येतो. पॉइंट टू टूची गोळी तर दगडावरून कुठेही जाईल, आणि मोकळी सुटली तर दीड किलोमीटरच्याही पलीकडे पोचते. आपल्या वाड्या तुटक दिसतात, पण त्या अंतरात दोन वाड्या, एक पायवाट आणि एखादी शाळा सहज बसते. एअर रायफलसाठी छर्रा अडवणारी लोखंडी पेटी, तिच्यामागे पक्की आंधळी भिंत, बाजूने कोणी येणार नाही असा बंदोबस्त. पॉइंट टू टूसाठी मान्यताप्राप्त रेंज, दुसरे काहीही नाही. सरावानंतर मुलांचे हात साबणाने धुवून घ्यावेत. छर्रा शिशाचा असतो.

नॅशनल रायफल असोसिएशन १९५१ साली स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर. त्यांचे मूळ घराणे आपल्याच संगमेश्वर तालुक्यातल्या मावळंगे गावचे, आणि त्यांचे सुरुवातीचे काही शिक्षण राजापूरला झाले. देशभरातले नवे नेमबाज राष्ट्रीय स्पर्धेची वाट ज्या मावळंकर स्पर्धेतून शोधतात, तिचे नाव या जिल्ह्यातून गेले आहे. तरीही रत्नागिरीच्या मुलाला ५० मीटरचा नियमित सराव करायचा तर कोल्हापूर, पनवेल किंवा मुंबई गाठावी लागते. दुर्मिळ जुन्या लिव्हर-ॲक्शनसाठी एक कुटुंब जो पैसा मोजायला तयार होते, त्यात भर घालून चार-पाच कुटुंबांनी एखाद्या शाळेच्या सभागृहात दहा मीटरच्या दोन लेन उभ्या केल्या, तर तालुक्यातली मुले त्यावर शिकतील. प्रशिक्षकांनी पालकांना ही वाट दाखवावी. ज्यांना लिव्हर-ॲक्शनची हौस आहे त्या मोठ्यांनी ती स्वतःच्या परवान्यावर, स्वतःच्या कपाटात, रेंजवर नेण्यापुरती जरूर ठेवावी. मुलांच्या हाती सुरुवातीची दोन वर्षे एकेरी छर्ऱ्याचीच रायफल द्या.